ब्याण्णव टक्के

कापलेला अंगठा रुमालात गुंडाळून मी हॉस्पिटलच्या बाकावर बसलो होतो. शेजारी दोघी बोलत होत्या. एकीच्या मांडीवर जेवणाचा डबा होता.

“माझा मुलगा इथेच डॉक्टर आहे. नवीनच लागलाय.”

“शिक्षण संपलं म्हणायचं एकदाचं.”

“कसलं संपतंय? आता मोबाइलवर धडे असतात. व्हिडिओ बघा, मग प्रश्न सोडवा. नाही केलं की मोठे डॉक्टर बोलतात.”

“ड्युटी करून त्याला वेळ कुठला मिळायला?”

“तेच ना. म्हणून मीच बघते, मशीनवर बसल्या बसल्या.”

“आणि प्रश्न?”

“तेही मीच सोडवते. टाके घालायच्या धड्यात ब्याण्णव टक्के पडले.”

“कमाल आहे बाई तुमची.”

“चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय. डॉक्टरांची गाठ तेवढी वेगळी असते, ती दोनदा बघावी लागली.”

“आणि त्याला जमतं का?”

“त्याच्या शर्टाचं बटण अजून मी लावते. पण सर्टिफिकेट त्याच्या नावाचं ना, टाक्यांचे सगळे पेशंट त्याच्याकडेच पाठवतात.”

तेवढ्यात माझा नंबर आला. तरुण डॉक्टरांनी रुमाल सोडला, अंगठा उलटसुलट करून पाहिला आणि दारातून डोकं बाहेर काढलं.

“आई, जरा आत येतेस?”