फर्मचा गवंडी

—हो, पण त्या खुर्चीत बसलास तर रस्त्यावरून अख्खा दिसशील, आधीच सांगतो. बस, बस, गंमत केली. इथे सगळेच दिसतात. हॉलंडात, आमच्या या हार्लेममध्ये, पडदे ओढायची पद्धत नाही — कालव्याकडेनं फिरणारी म्हातारी आमच्या ताटात वरण आहे की आमटी, ते बघूनच पुढे जाते. मंजूषाला आधी लाज वाटायची. आता तीच म्हणते, लपवण्यासारखं आहे काय आपल्याकडे, विनायक? घे, पोहे घे, जेवणाला वेळ आहे. वर कोथिंबीर नाही, तीच आणायला गेलीये ती, अल्बर्ट हाइनचं दुकान कोपऱ्यावर तर आहे, येईल इतक्यात. आणि ते सर-सर बंद कर. ऑफिसात सर, घरात काका. काल मंजूषा म्हणाली, ऑफिसातला एक मुलगा आलाय पुण्याहून, निहार नावाचा, रविवारी हॉटेलात एकटा बसेल बिचारा, जेवायला बोलावते. म्हटलं, बोलाव की! तू कुठल्या कामाला आलायस, कुणाकडे आलायस, एका शब्दानं विचारलं नाही. का नाही विचारलं? — तेच तर सांगत होतो. आमच्या घरात भिंत आहे.

ही नाही रे. ही साधी विटांची, हिला खिळा मारायचा तर घरमालकाची मिनतवारी करावी लागते. मी म्हणतो ती दिसत नाही. ती समजायची तर आधी फर्म कशी वाढली ते समजायला हवं, आणि ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही — खुद्द अमेरिकेतल्यांनाही नाही, कारण निम्मं मीच रचलंय. ऐक. ओहायोत कुठल्याशा गावात टटल नावाचा एक वकील. एक खोली, एक टेबल, एक कुत्रा. गावात दोन शेतकरी गायीवरून भांडले. एक सकाळी टटलकडे आला, दुसरा दुपारी — वकील एकच, जाणार कुठे? आता टटलला तर दोघंही हवेत. मग केलं काय त्यानं? खोलीच्या मधोमध एक चादर बांधली. अलीकडे स्वतः बसला, पलीकडे मेहुण्याला बसवलं — ऑल्डन त्याचं नाव — आणि मेहुण्याला बजावलं, चादरीपलीकडे चकार शब्द बोलायचा नाही. कुत्र्याला मुभा. खटला चालला, चालला, शेतकऱ्यांच्या दाढ्या पिकल्या, चादर विटली — आणि गाय शेवटी कुणाला मिळाली? ...हां! फर्मला! शाब्बास! हुशार आहेस रे. बरेच जण म्हणतात, कुत्र्याला.

तर फर्म वाढली ती अशी. भांडणाला दोन बाजू असतात, आणि एका बाजूला बसून निम्मंच पोट भरतं. म्हणून दुसऱ्या बाजूचा वकीलही आपलाच हवा. तो दुसऱ्या गावात असेल तर? त्याची फर्मच गिळायची. दुसऱ्या देशात असेल तर? तो देश गिळायला अमेरिकेचं सरकार आहे, आपण आपली फर्म गिळावी. टटल ऑल्डन, मग टटल ऑल्डन ग्रिम्स, मग लंडनचे दोघं, फ्रँकफुर्टचे तिघं, मग इथे झाउदासला, म्हणजे इथल्या बड्या ऑफिसांच्या वस्तीत, काचेच्या इमारतीत आले ते फान-अमुक अँड फान-तमुकला पोटात घालूनच. आता दूधवाली कंपनीही आमची अशील आणि तिच्यावर दावा लावणारी चीजच्या यंत्रांची कंपनीही आमचीच. दोघांचे वकील एकाच यंत्राची कॉफी पितात. मग एकाची गुपितं दुसऱ्याला कळू नयेत म्हणून काय? चादर! फक्त आता ती कॉम्प्युटरात असते, तिला भिंत म्हणतात, आणि ती बांधतो कोण? हा. मी. इंजिनिअरिंग केलं पुण्यात, नोकरी सॉफ्टवेअरची, काम गवंड्याचं. कोण आत, कोण बाहेर, नावं घालायची, की झालं. बाहेरच्याला आतली फाइल तर सोडच, फाइल आहे हेसुद्धा दिसत नाही. आपल्याकडे भिंतीला कान असतात ना? माझ्या भिंतींना कान नाहीत, डोळे आहेत — कुणी नुसती कडी वाजवली तरी मला इथे स्वयंपाकघरात कळतं.

आता घरातली भिंत. मंजूषा इथे आली माझ्या व्हिसावर, डिपेंडंट म्हणून. केवढा शब्द! जिच्याशिवाय मला माझे मोजे सापडत नाहीत ती डिपेंडंट. मग ती सायकल शिकली, डच शिकली, हाडाची पुणेरी असल्यामुळे डच लोकांना तोडून बोलणं तिला शिकावं लागलं नाही. एका छोट्या डच वकिलांच्या ऑफिसात कारभार बघायला लागली. चार वकील आणि एक मांजर. सुखात होती. तर आमच्या फर्मनं ते चौघंही गिळले — मांजर वाचलं — आणि मंजूषा आली माझ्याच इमारतीत, माझ्या वर. म्हणजे मजल्यानं. मी तिसऱ्यावर, ती सातव्यावर. पगारानंही वर, पण ते सोड. सातव्यावर सगळी गुपितं. तेव्हापासून ती सांगू शकत नाही आणि मी विचारू शकत नाही. ‘कसा गेला दिवस?’ हा प्रश्न आमच्याकडे गोपनीय आहे! मग आम्ही बोलतो काय? भेंडी. पंक्चर. हूसआर्टसनं, म्हणजे इथल्या डॉक्टरनं, पुन्हा एकदा नुसती पॅरासिटॅमॉल दिली, ते. आमची मृण्मयी म्हणते, पपा, दू नॉर्माल — म्हणजे माणसासारखं वागा. डच लोकांचा हा गायत्रीमंत्र आहे. पण मी म्हणतो, जगात याहून सुखी लग्न दाखव. भांडणच नाही! भांडायला विषय लागतो, आणि विषय भिंतीपलीकडे. ...नाही, कधीकधी होतं असं, की ती घास हातात धरून माझ्याकडे बघत राहते. मी म्हणतो, काय गं? ती म्हणते, काही नाही, भिंत. हल्ली जरा जास्तच बघते. ते ट्युलिप आल्यापासून.

ट्युलिप! ऐकलंयस? ऐकलं असशील तर बोलू नकोस. मलाही नावापलीकडे ठाऊक नाही, आणि तीच तर माझी मोठी कामगिरी. वरून हुकूम आला — ट्युलिप नावाच्या कामाभोवती भिंत हवी, आत मोजकीच माणसं. त्यात मंजूषा. तिचं नाव मी या बोटानं घातलं. आणि शेवटी काय लिहिलं होतं? भिंत बांधणाऱ्यालाही आत प्रवेश नको! आजवर असं कधी झालं नव्हतं. ऊर भरून आला माझा. महाल बांधून झाला की कारागिरांचे हात तोडायचे म्हणतात, इथे नुसता पासवर्ड काढून घेतला — अमेरिकन माणूस सुसंस्कृत. इतकी पक्की बांधली, इतकी पक्की, की मीच दोनदा आपटलो. आणि आता फळ बघ — उद्या सकाळी मला सातव्या मजल्यावर बोलावलंय. विषय लिहिलेला नाही. विषय न लिहिता बोलावतात ते बक्षीस द्यायला, दुसरं कशाला? अख्ख्या युरोपच्या भिंती आता माझ्याकडे येणार. सूट इस्त्री करून टांगलाय. मंजूषाला विचारलं, तुझा काय अंदाज? ती म्हणाली, निळा टाय घाल. एवढंच. आणि मग बराच वेळ नळ सोडून उभी होती.

असू दे. तुला आमच्या मारीकेची गंमत सांगतो, पोहे संपव तोवर. मारीके आमची रिसेप्शनिस्ट. फोन आला की फर्मचं पूर्ण नाव घ्यायचं, असा नियम — सगळे गिळलेले वकील, क्रमानं. तर ती खोल श्वास घ्यायची आणि सुरू करायची, आणि फर्मचं नाव घेऊन संपेपर्यंत समोरच्यानं... काय म्हणालास? ‘तडजोड करून टाकलेली असायची.’

थांब. गाय ओळखलीस ती हुशारी म्हणू. पण मारीके तू कुठे ऐकलीस? ...ट्रेनिंगमध्ये? कुठल्या ट्रेनिंगमध्ये? ...व्हिडिओ. माझे? अच्छा, ते माझे! मागच्या हिवाळ्यात मला सांगितलं होतं, तुमचं सगळं काम कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवा, बारीकसारीक, नवख्यालाही जमेल असं. मला वाटलं, फर्म माझा ठेवा जपतेय. कोट घालून बसलो होतो. मधे मधे गोष्टी पेरल्या, नाहीतर बघणारे झोपतील म्हणून. हसतात का रे पोरं? ...हो? गायीला जास्त की मारीकेला? ...कुठे दाखवतात पण? ...बाणेरला. फर्मचं पुण्यात, बाणेरला ऑफिस? ...नवीन. ...अख्खा मजला. आणि सगळे — भिंती बांधतात.

नाही नाही, माहीत होतं मला. म्हणजे अंदाज होता. पोहे घे अजून. घे रे, लाजू नकोस. आणि तू इथे आलायस तो — माझ्याजवळ बसून उरलेलं शिकायला. ...किती दिवस? ...‘सर रिलीज होईपर्यंत.’ चांगला शब्द आहे. पिंजऱ्यातल्या पोपटाला वापरतात. त्याला विचारत नाहीत, उडता येतं का. तिकडे त्या कामाला नाव काय रे? ...ट्युलिप. हो. दुसरं काय असणार. आणि इंटरव्ह्यू कुणी घेतला तुझा? ...हं. चांगला घेतात ना सातव्या मजल्यावरच्या मॅडम? शांतपणे. ...शेवटी काय म्हणाल्या? ...‘सरांकडून सगळं शिकून घ्या, गोष्टींसकट.’

बस, बस, तू कशाला उठतोस? तुझी काय चूक? तुला वाटलं, मला ठाऊक असणार. घरातच तर आहे बातमी. मी जरा दही काढतो फ्रिजातून, कोरडे झालेत पोहे.

निहार, हे काय आहे? जवळ येऊन बघ. कोथिंबीर. भलीमोठी जुडी. ताजी, निवडलेली, फडक्यात गुंडाळलेली — तिच्याच हातची घडी. तुला कितीला यायला सांगितलं होतं तिनं? ...बाराला. मला म्हणाली, मुलगा एक वाजता येईल. आणि तू दारात पाय ठेवलास तेव्हा ही बाई सायकलचं कुलूप काढत होती.

वा! एक अक्षर फोडलं नाही तिनं. फर्मनं उद्या माझे सगळे डोळे लावून तपासलं तरी कुठे चरा सापडणार नाही. आळंदीला भिंत चालवली म्हणतात. हिनं सातव्या मजल्यावरून चालवत हार्लेमला आणली, त्या खुर्चीत बसवली आणि पुढ्यात पोहे ठेवले. आणि मी गवंडी म्हणून मिरवतो.

मान वळवू नकोस एकदम. कालव्यापलीकडे, त्या मोठ्या झाडाखाली, लाल सायकल. दिसली? हातात रिकामी पिशवी. मघापासून तिथेच असणार, या थंडीत, टोपीसुद्धा न घालता. इकडेच बघतेय. मी उठलो ते बघितलं असेल, फ्रिज उघडला ते बघितलं असेल, आता हातात जुडी घेऊन मूर्खासारखा उभा आहे, तेही. पडदे नसल्याचा एवढाच फायदा. रडतेय का रे ती? तुझे डोळे तरुण आहेत. ...नाही? बरं. मी जुडी जरा वर धरतो. दिसू दे तिला नीट.

निघाली. पूल ओलांडतेय. आता ऐक — पटकन. तू आत्ता आलायस. आपण पुण्यातल्या ट्रॅफिकबद्दल बोलत होतो. तुला काही माहीत नाही, मला काही माहीत नाही, तिला तर काहीच माहीत नाही. उद्या सातव्या मजल्यावर मी दचकणार आहे, नीट, मनापासून; बायकोची नोकरी आहे ती, मी तिला तोंडघशी पाडणार नाही. शिकवीन तुला, सगळं शिकवीन. आणि काका राहू दे आता, सरच म्हण, कामाला सोपं पडेल. ही जुडी घे, ठेव आत, होती तशीच — फडकं गुंडाळ, घडी बिघडवू नकोस. दार बंद कर फ्रिजचं. बस. खा. बेल वाजली. हसू नकोस, तोंडही पाडू नकोस, नुसता खा—

आलीस? मिळाली का कोथिंबीर?