दोन येढे जायफळ

नातवाची पाचवी पुजली त्या संध्याकाळी ठरलं, आक्काला बाळंतपणाचं एक नऊवारी लुगडं आणि वर दोन हजार एक रुपये द्यायचे, आणि ते कधी, तर पोरगं पायावर चालायला लागलं की. आमच्या भाऊबंदांत तशीच रीत आहे, मूल चालतं झालं की बाळंतपण करणारीचं काम पुरं झालं असं धरतात. त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती, म्हणून हे ठरलं तेव्हा सुरतेतल्या आमच्या डिंडोलीच्या खोलीत आम्ही पाच जण होतो, मी, माझी बायको मंगला, मुलगा रवी, सून कल्पना आणि माझी मोठी बहीण आक्का. सहावा तो, कल्पनाच्या मांडीवर. ताई, तुम्ही लिहायला बसलाच आहात तर हे आधी लिहून घ्या, कारण बोलता बोलता मी भलतीकडं जातो.

मी मूळचा पारोळ्याकडचा. आई मी लहान असतानाच गेली, आक्कानं मला वाढवलं. तिला स्वतःला मूल झालं नाही, नवरा गेला, माहेरी परत आली, आणि मग गावात कुणाचंही बाळंतपण असलं की आक्काला बोलावणं यायचं. मला मिसरूड फुटलं तेव्हा मी सुरतेला आलो, बमरोलीला लूमवर लागलो, तो आजपर्यंत तिथंच आहे. शेठ तीन बदलले, लूम तेच. रवीला म्हटलं, तू शीक, तर तोही दहावीनंतर माझ्याच लूमवर आला. म्हणजे कसं, सकाळी सातला मी त्याच्याकडून लूम घ्यायचो, संध्याकाळी सातला तो माझ्याकडून घ्यायचा, पंधरा दिवसांनी पाळ्या उलट्या. बापलेकाची भेट म्हणजे लूमजवळ, दोघांचं बोलणं म्हणजे तिसऱ्या नंबरचा धागा तुटतोय, बघ. घरात कुणी ना कुणी कायम झोपलेलंच. खोली एक, भिंतीपलीकडं दुसरी खोली, तिथंही पाळीवाले. आमच्या गल्लीत दिवसाही लोक हळू बोलतात, कुणाची झोप चालू असेल सांगता येत नाही.

कल्पनाला आई नाही. ती इथंच जन्मलेली, शाळा गुजराती, आमच्याशी मराठी बोलते, मैत्रिणींशी गुजराती. सिझर झालं. मंगला साड्यांच्या घडीकामाला जाते, आणि खरं सांगायचं तर मंगलाला लहान मुलाचं फारसं कळतही नाही, कारण आमचा रवीसुद्धा गावी आक्काच्याच हाताखाली वाढला. म्हणून आक्काला बोलावलं. ती उधना स्टेशनला उतरली ती एक बोचकं घेऊन, त्यात शेपा, ओवा, डिंक, आणि फडक्यात बांधलेली बाळगुटी, वेखंड, हळकुंड, हिरडा, जायफळ. सहाण तेवढी आणली नाही. म्हणाली, एवढा धोंडा कोण उचलीन रे, सुरतले काय दगड भेटत नहीत का. मीच शेजारच्या ओट्याच्या कामातला एक फरशीचा तुकडा आणून दिला. स्वच्छ धुऊन दिला.

पोरगं दिवसभर झोपायचं आणि दिवे लागले की जागं. छातीला घ्यायचं, थोडं प्यायचं, डोळा लागायचा, खाली ठेवलं की किंचाळायचं, परत छातीला. कल्पना टाक्यांवर उशी धरून भिंतीला टेकून बसलेली असायची, मी कूस बदलली की ती बसलेली, परत बदलली की बसलेली. पहिले काही दिवस आम्ही हसलो. आक्का म्हणायची, याले बापनी रातपाळी लागी गयी. मग भिंतीवर पलीकडून हात आपटायला लागले. शेजारी ओरडला, ओ नाना, पोराला गावाला पाठवा नाहीतर आम्हाला पाठवा.

तेव्हा माझी दिवसपाळी होती, म्हणजे रात्रीची झोप माझी जात होती. काय सांगू तुम्हाला, लूमच्या आवाजात झोप लागत नाही असं लोकांना वाटतं, पण आमच्या कानाला तो आवाज म्हणजे अंगाई. उभ्या उभ्या डोळा लागायचा. एक ताका, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, माझ्या हातून पुरा खराब गेला, धागा तुटून पट्टा पडला आणि मला दिसलाच नाही. मुकादम यूपीचा, भला माणूस, म्हणाला, नाना, आज कपडा गया, कल उंगली जाएगी, फिर मैं क्या मुँह दिखाऊँगा, और एक बार ऐसा हुआ तो मशीन दूसरे को दे दूँगा. हे मी घरी येऊन जेवताना सांगितलं. कुणाला उद्देशून नाही, नुसतं सांगितलं. आक्का ताट वाढत होती.

त्या रात्री पोरगं झोपलं. दुसऱ्या रात्रीही. मी इतका झोपलो की मंगलाला हलवून उठवावं लागलं. आक्का म्हणाली, काही नही, गुटीमा जायफळना दोन येढा जास्तीना दिधात. येढा म्हणजे वेढा, सहाणेवर दुधात एकदा गोल फिरवायचं. आमच्या आईपासून चालत आलेलं, तिनं रवीलाही दिलेलं, गावातल्या निम्म्या पोरांना दिलेलं. कल्पना एवढंच म्हणाली, आत्या, हा पीत नाही नीट. आक्का म्हणाली, पोट भरेल शे त्यानं, निजू दे त्याले, उठाडू नको, तू बी नीज. आणि कल्पनाही झोपली, किती दिवसांची जागी होती ती.

चौथ्या सकाळी मला सुट्टी होती, मी घरी चहा पीत होतो. कल्पना पोराच्या तळपायाला टिचक्या मारत होती. तिचा ब्लाऊज पुढून पुरा भिजलेला, दूध गळत होतं, छाती दगडासारखी झाली होती, आणि ते घेणारं काही उठत नव्हतं. तिनं ओला हात त्याच्या तोंडावरून फिरवला, तरी नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, नाना, ए जागतो नथी. आमच्या घरात ती कधी गुजराती बोलत नाही. मी कप ठेवला. आक्का म्हणत होती, थांब वं, तेल लावू, पण कल्पना थांबली नाही, तेवढ्यात रवी रातपाळी करून दारात आला, केसांत कापसाचा भुगा तसाच, तिनं पोरगं त्याच्या हातात दिलं आणि टाके असलेली बाई अनवाणी पुढं पळत गेली रिक्षा थांबवायला.

सरकारी दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. साखर उतरली होती, मग झटके आले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय काय दिलं. आक्कानं सगळं खरं सांगितलं, काही लपवलं नाही, येढ्यांसकट. बाई म्हणाल्या, जायफळानंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, आत जंतू असतील, दूध पोटात गेलं नाही म्हणूनही असेल, पण यापुढं काही चाटवायचं नाही.

मी घरी येऊन तो फरशीचा तुकडा हातात घेतला. माझा अंगठा कापड ओळखतो, दगडही ओळखला. आमच्या गावची सहाण आजीच्या आजीपासूनची, आरशासारखी झिजलेली, तिच्यावर दोन वेढे म्हणजे नुसता वास लागतो. हा तुकडा कानशीसारखा. आक्काच म्हणायची, एका जायफळावर चार पोरं वाढतात. फडकं सोडून पाहिलं तर जायफळ अर्धं झिजलेलं. वेढे बरोबर होते. दगड मी आणलेला होता. आक्का माझ्यामागं उभी होती, तिनं जायफळ पाहिलं आणि माझ्या हातातून घेऊन परत फडक्यात बांधलं. पोरगं पेटीतून बाहेर आलं त्या दिवशी ती गावाला गेली. जाताना कल्पनाच्या पाया पडायला लागली, वयानं एवढी बाई. कल्पनानं तिला वर उचललं, पण तिच्याकडं बघितलं नाही.

पोराचं नाव सोहम. आता त्याच्याबरोबरची गल्लीतली पोरं पळतात. हा धरून बसवला तर बसतो, सोडला की एका बाजूला कलतो. हसतो छान. आठवड्यातून दोनदा कल्पना त्याला व्यायामाला नेते. डॉक्टर म्हणतात, चालेल, न चालेल, वेळ द्या. मी विचारलं, किती वेळ. ते म्हणाले, असा आकडा नसतो काका. रात्री तो अजून जागा असतो. आता आम्ही पाळ्या लावल्यात, कल्पना, मंगला, आणि आम्हा बापलेकांत ज्याची रातपाळी नसेल तो. भिंतीवर कुणी हात आपटत नाही, शेजाऱ्यालाही सगळं माहीत आहे.

गेल्या महिन्यात गावाहून फोन आला, आक्काचं खाणं सुटलंय, येऊन जा. मी ट्रंकेतून पाचवीनंतर लगेच घेऊन ठेवलेलं ते लुगडं काढलं. कल्पनानं विचारलं, नाना, हे कुठं. मी सांगितलं. ती थोडा वेळ सोहमचे पाय चोळत राहिली, मग उठून तिनंच लुगड्याला पिशवी दिली आणि म्हणाली, त्यांनी विचारलं तर काय सांगाल. मी म्हटलं, बघू.

आक्का खाटेवर एवढीशी झालेली. मी लुगडं आणि दोन हजार एक रुपये तिच्या पोटावर ठेवले. तिनं हातानं चाचपून पाहिलं. म्हणाली, चालस का रे पोऱ्या? ताई, मी आयुष्यात मीटरला मीटर खरा बोललोय, शेठनं कमी मोजलं तर भांडलोय आणि जास्त मोजलं तर तेही सांगितलंय. मी म्हटलं, चालतो. ती म्हणाली, कसा चालस? आता हे कुठून आणायचं. मी म्हटलं, भिंत धरून उठतो, दारापर्यंत जातो, उंबऱ्याशी पडतो, परत उठतो. आक्का हसली. म्हणाली, तू बी तसाच उंबऱ्याशी पडे. मग तिनं नोटा उशीखाली सरकवल्या आणि लुगडं छातीशी धरून डोळे मिटले. नऊ दिवसांनी गेली, तेच लुगडं तिला नेसवलं.

तेव्हा लुगडं आणि दोन हजार एक, सगळं आक्काच्या हातात पोचलं, माझ्याकडून तिचं काही देणं नाही. आता जे उरलं ते सोहमकडं. मी मरणाऱ्या माणसाला सांगून आलोय की तो उंबऱ्यापर्यंत जातो. देव त्याला तेवढं चालवो.