उपरण्याखालचा सौदा

माझ्या सिनेमात कुणी बोलतच नाही, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. त्यामुळं पिशोरच्या बैलबाजारातला सौदा मला हवाच होता. तिथं दोघं उपरण्याखाली हात घालून, एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात.

आमच्या नटाला काही ते जमेना. मी लई चिडलो. शेजारच्या शेतकऱ्याच्या उपरण्याखाली हात घालून त्याची बोटं दाबली अन् नटाला म्हणालो, "हे बघ, असं!"

शेतकऱ्यानं कासरा माझ्या हातात दिला.

"अहो, मी काही बोललो तरी का?"

"इथं बोलतं कोण, साहेब? बैल तुमचा झाला."

अख्खा बाजार बघत होता. नाय म्हणायची सोय नव्हती.

टेम्पोतून बैल मुकुंदवाडीला घरी आणला. बायकोनं दार उघडलं. बैलाकडं बघितलं, मग माझ्याकडं. तोंडातून शब्द नाही.

इतक्या वर्षांत असा शॉट मला एकाही नटानं दिला नाही.