मारुतीचा कच्चा फोटो

मंडळी, ऐका! पूर्वरंगात विवेक, वैराग्य असं बरंच जड जड सांगून झालं. समोरचे दोघे पेंगले. तिसरा मी! म्हणून आता जागे होऊ या.

एक प्रश्न विचारतो. एखादी गोष्ट आत्ता ठरवायची वेळ येते, आणि माणूस म्हणतो, "राहू दे, नंतर बघू." तर हा शहाणपणा की पळपुटेपणा?

लगेच माना हलवू नका. मला स्वतःलाच उत्तर माहीत नाही. मी पुस्तकातला माणूस. चार लोकांपुढं उभा राहिलो की अजून माझे गुडघे टाळ वाजवतात — आमच्या टाळकऱ्यांना विचारा, ते माझ्या गुडघ्यांवरूनच लय धरतात! आज या आख्यानाचे दोन शेवट लिहून आणलेत. एक डाव्या खिशात, एक उजव्या. कुठला सांगायचा ते ठरलेलं नाही. नंतर बघू!

तर आमच्या पिंपरवणात भालूअण्णा टेंबुर्णीकर म्हणून एक गृहस्थ. जन्म गेला शाळेच्या ग्रंथालयात. माणूस सज्जन, पण ठरवायची वेळ आली की घाम फुटायचा. हॉटेलात गेले तर शेजारचा काय खातोय ते बघून तेच मागवायचे, आणि आलं की वाटायचं, पलीकडच्याचं बरं होतं. माझे स्नेही हो! आम्ही दोघे एकदा चहा की कॉफी ठरवत बसलो, तर मालकानं दुकान बंद केलं.

या अण्णांना त्यांच्या लेकीनं एक कॅमेरा पाठवला. खिशात मावणारा, साबणाच्या वडीएवढा. आता तुमच्या-माझ्या हातात कॅमेरा आला तर आपण काय करू? बटण दाबू. अण्णांनी काय केलं? सोबतची माहितीपुस्तिका उघडली! प्रस्तावनेपासून वाचायला घेतली! आणि वाचता वाचता एका शब्दाशी अडकले — रॉ. रॉ म्हणजे कच्चा.

हे जरा समजून घ्या, पुढची सगळी गंमत त्यावर आहे. आम्हा कीर्तनकारांना यजमान दोन तऱ्हांनी जेवू घालतात. एक तर पान वाढतात — वरणभात, भाजी, तूप — बसा आणि जेवा. नाहीतर शिधा देतात. तांदूळ, डाळ, गूळ, चार मिरच्या. हवं तसं शिजवा. खिचडी करा, पुरण घाला, मर्जी तुमची. कॅमेऱ्याचंही तसंच! जेपेग म्हणजे वाढलेलं पान. उजेड किती, रंग कसा, सगळं कॅमेरा तिथल्या तिथं शिजवून हातात देतो. आणि रॉ म्हणजे शिधा. भिंगातून जे जे आत आलं ते सगळं कच्चं बांधून देतो. घरी न्या, संगणकावर शिजवा. उजेड वाढवा, कमी करा, निळं करा, तांबडं करा.

अण्णांचे डोळे भरून आले हो! म्हणजे फोटो काढताना काहीच ठरवायला नको? सगळं नंतर? हा कॅमेरा करणाऱ्यानं आपली कुंडली पाहिली की काय!

पण पुढचं पान उलटलं. तिथं बारीक अक्षरात लिहिलेलं — कच्चा फोटो जड असतो. कॅमेरा लहान. एक काढला की तो साठवायला वेळ लागतो, तोवर दुसरा काढता येत नाही. झालं! अण्णा परत जेपेगवर. मग परत रॉवर. आता तुमच्यातला कुणी हुशार म्हणेल, "बुवा, दोन्ही एकदम काढता येतात की!" येतात ना! पुस्तिकेत तेही होतं. पण त्याला आणखी वेळ लागतो. म्हणजे अण्णांची सोय काय झाली? आधी दोनात अडकले होते, आता तिनात!

अशा वेळी गावात बातमी आली. मारुतीची खोळ तडकली.

टेकडीवरच्या मारुतीला पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदूर लावलेला. थरावर थर, थरावर थर. मूळ मूर्ती कशी आहे हे गावात कुणीच पाहिलेलं नाही. आपण ज्याला मारुती म्हणतो ती त्याची खोळ, तो आत! ती खोळ तडकली. रंगनाथ गुरवानं सांगितलं, शनिवारी सकाळी उतरवायची. देवाला स्नान घालायचं आणि लगेच नवा शेंदूर चढवायचा. देव उघडा फार वेळ ठेवायचा नाही.

अण्णांची थोरली बहीण, अक्का. आयुष्यातला एक शनिवार तिनं त्या देवळाविना घालवला नव्हता. आता खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. टेकडी चढणं या जन्मात होणार नव्हतं. तिनं भावाला जवळ बोलावलं.

"भालू, मी जन्मभर त्या मारुतीशी बोलले. सासरचं बोलले, माहेरचं बोलले. कुणाला सांगितलं नाही ते त्याला सांगितलं. आणि त्याचं तोंड पाहिलेलं नाही रे."

"अक्का, मी..."

"तुझ्याकडे तो डबडा कॅमेरा आहे ना? त्यात त्याला धरून आण. मला मरायच्या आधी बघू दे, मी कुणाशी बोलत होते."

"आणतो. पण अक्का, रॉ काढू की जेपेग?"

"काय?"

"कच्चा की शिजवलेला?"

"भाल्या, मारुतीचा फोटो सांगितलाय, वांग्याचं भरीत नाही!"

अण्णा तिथून उठले ते इक्बालच्या फोटो स्टुडिओत.

"इक्बाल, कच्चा काढू की पक्का?"

"कुणाचा काढायचाय?"

"मारुतीचा. दगडाचा."

"मग तो काय हलणार आहे का, अण्णा? गाभाऱ्यात अंधार असतो. कच्चाच काढा. माझ्याकडे आणा, मी उजळ करून देतो."

"पण साठवायला वेळ लागतो."

"मग जेपेग काढा."

"पण अंधार..."

इक्बालनं हात जोडले. "अण्णा, माझी दोन लग्नांची कामं आहेत. त्यांचं ठरलं तरी आहे!"

शनिवार उजाडला. गाव लोटलं. रंगनाथनं गाभाऱ्याच्या दारात उभं राहून बजावलं, "मोबाईल खिशात! एवढ्या वर्षांनी देवाच्या डोळ्यावर उजेड पडतोय, झकाझक करायची नाही. फोटो एकच माणूस काढणार. अक्कांसाठी अण्णा. तेही झगझगीत दिवा न लावता!"

अण्णांना सगळ्यांच्या पुढं उभं केलं. हातभर अंतरावर मारुती! मंडळी, काय भाग्य! तुम्ही-आम्ही असतो तर डोळे फाडून बघितलं असतं. अण्णांनी खाली बघितलं. कॅमेऱ्यात. रॉ होतं, ते जेपेग केलं. रंगनाथनं तडकलेल्या फटीत बोटं घातली. अण्णांनी जेपेगचं रॉ केलं. खोळ कुरकुरली. दोन्ही केलं. खोळ हलली — नको, नुसतं रॉ बरं — आणि फणसाची साल सुटावी तशी ती खोळ सुटली! बायकांनी तोंडावर पदर घेतले. म्हातारे रडले. एक जण म्हणाला, "अगं आई गं!" सगळ्या गावानं श्वास धरला.

अण्णा खालीच बघतायत!

"अण्णा, काढा! किती वेळ उघडा ठेवू देवाला?"

अण्णा दचकले. कॅमेरा वर केला, बटण दाबलं. खट्‌! पडदा काळा. कोपऱ्यात एक तांबडा ठिपका लुकलुकायला लागला. साठवतोय... साठवतोय... अण्णा त्या ठिपक्याकडं असे बघतायत, जणू तोच देव! इकडं पाण्याचा तांब्या रिकामा झाला, मंत्र झाले, आणि ठिपका विझेपर्यंत रंगनाथचा शेंदरानं माखलेला पंजा देवाच्या तोंडावरून फिरलासुद्धा.

फोटो एकच. कच्चा.

उतरताना लोक म्हणत होते, "अण्णा, तुम्ही तर अगदी समोर! काय रूप होतं हो!" अण्णा म्हणाले, "हो, हो." 

इक्बालनं तो फोटो संगणकावर उघडला. अंधार, आणि एका बाजूनं समईचा उजेड. इक्बालनं उजेड वाढवला तर रवा सांडावा तसे दाणे उमटले. त्यानं रंग फिरवला. मारुती करडा झाला. फिरवला, निळसर झाला. आणखी फिरवला, तांबूस झाला.

"सांगा अण्णा, यातला कुठला?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? मी कुठं होतो? दगड काळा होता की करडा?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला.

"तोंड शांत होतं की रागीट? इथं सावली गडद केली की रागावल्यासारखा दिसतो."

अण्णांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"अहो, तुम्ही समोर उभे होतात ना?"

"होतो."

"मग?"

"मी कॅमेऱ्यात बघत होतो."

"मग कॅमेऱ्यात काय दिसलं?"

"रॉ आणि जेपेग."

हसताय? हसा, हसा. मीही ही गोष्ट प्रथम ऐकली तेव्हा हसलो. मग घरी जाऊन विचारात पडलो. शिधा घरी आणता येतो हो. पण शिजवणाऱ्याला चव तरी ठाऊक पाहिजे? ज्यानं पदार्थ कधी तोंडात घातला नाही, त्यानं मीठ किती घालायचं?

ठरेना, तेव्हा अण्णांनी काय केलं असेल? बरोबर! करडा, निळसर, तांबूस आणि रागीट, चारही छापून घेतले. आणि अक्काच्या उशाशी मांडले.

अक्कानं चष्मा लावला. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला.

"हे काय रे? देव एक आणि तोंडं चार? यातला माझा कुठला?"

मंडळी, इथं जरा थांबा. टाळ नको. अण्णांपुढं आता सोपा रस्ता होता. चारातला कुठलाही उचलून "हा" म्हणायचं. अक्काला कसं कळणार? गावात कुणाला कळणार? म्हातारी सुखानं छातीशी धरून मेली असती. बरं, "नंतर सांगतो" म्हणावं, तर समोरच्या माणसाकडं नंतर फार उरलेलं नाही! त्या माणसानं जन्मात प्रथम जागच्या जागी ठरवलं.

"अक्का, मला माहीत नाही. मी त्याला पाहिलाच नाही. खोळ उतरली तेव्हा मी बटणं फिरवत होतो."

अक्कानं चारही फोटो गोळा करून बाजूला सारले. मग म्हणाली, "काहीही न करता जो आला तो कुठंय?"

अण्णांनी कॅमेरा पुढं केला. एवढासा पडदा, जवळजवळ काळा. समईच्या उजेडात एक गाल, नाकाची कड. बस.

अक्कानं तो नाकाशी नेऊन पाहिला.

"हाच."

"अगं, यात काही दिसत नाही!"

"मला गाभाऱ्यात कधी जास्त दिसलं होतं? एवढाच दिसायचा. ओळखला मी." तिनं कॅमेरा उशीखाली सारला. "हा इथंच राहू दे. ते चार तू घेऊन जा. तू त्याला पाहिलेला नाहीस ना, तुला लागतील."

बोच बघा! अण्णा मान खाली घालून उठले. दारापर्यंत गेले, तेव्हा मागून हाक आली.

"भालू! पुढच्या शनिवारी देवळात जा. रिकाम्या हातानं. त्याच्याकडं बघ आणि मला येऊन सांग."

"अक्का, आता शेंदूर चढला गं. मूळ मूर्ती गेली आत."

"गेली तर जाऊ दे. जो दिसेल तो बघ."

अण्णा गेले. समोर बसले. हात मोकळे, तर ते कुठं ठेवावेत तेच सुचेना! आधी त्यांना नुसता शेंदूर दिसला. मग हळूहळू... पण ते मी नाही सांगत. त्यांनी अक्काला सांगितलं तेच ऐका.

"काय पाहिलंस?" अक्का म्हणाली.

"रंगनाथनं नवे चांदीचे डोळे बसवलेत. त्यातला एक जरा तिरपा बसलाय."

"तिरपा?"

"हो. पूर्वी तो सरळ समोर बघायचा. आता बाजूच्या दाराकडं बघतो. तू ज्या दारानं यायचीस त्या. कुणीतरी यायचं राहिलंय आणि तो वाट बघतोय, असं वाटतं."

अक्कानं डोळ्याला पदर लावला. मग भावाच्या पाठीवर थाप मारली.

"आता आणलास फोटो!"

झालं आख्यान. आता तुमच्याकडं वळतो. ते चौथ्या रांगेतले काका, मघापासून मोबाईल वर धरून माझं चित्रण करताहेत. काका, हात दुखला असेल! हे तुम्ही कधी बघणार आहात? नंतर? आणि त्या वहिनी, सूनबाईंशी बोलायचं आहे ते दिवाळीनंतर. ते पाटील, भावाकडं जायचं आहे ते सवडीनं. सगळा शिधा बांधून ठेवलाय कोठीत! चूल कधी पेटवणार? आणि पेटवाल तेव्हा चव आठवेल का?

मला विचाराल तर माझ्या दोन्ही खिशांत दोन शेवट आहेत. घरी छान वाटले होते. आत्ता तुमच्याकडं बघतोय, तर दोन्ही नकोसे झालेत. तेव्हा हे घ्या — दोन्ही कागद या समईखाली ठेवले. गुडघे वाजताहेत, वाजू देत.

एरवी कीर्तनाच्या अखेरीला बुवा म्हणतात, डोळे मिटा. मी म्हणतो, उघडे ठेवा! तो बघा, देव समोर उभा आहे, उजेड आहे तेवढ्यात दिसतो आहे तेवढा. शेजारी तुमचं माणूस बसलं आहे, त्याच्याकडंही एकदा बघून घ्या. बघितलंत? नीट?

आता त्या देवाचं नाव घ्या. काका, आधी तो मोबाईल खाली!