साडूचं पाणी

...नाही, पण मला सांगा, खाऱ्याचं गोड पाणी करायचं यात एवढं काय आहे हो? ऊन फुकट, पाणी जमिनीतलं, हा माणूस नुसता पॅनल लावून बसलाय! हा माणूस म्हणजे माझा साडू, अनीश. ॲरिझोनाच्या वाळवंटात, जिथे कुत्रंसुद्धा फिरकत नाही, अशा वीस-पंचवीस घरांच्या वस्तीला प्यायचं पाणी देतो म्हणे. आणि मी? रेडमंडला सॉफ्टवेअर कंपनीत अख्खा दिवस स्क्रीनवरचं एक बटण डावीकडून उजवीकडे नेतो! पण मी जळत नाही हं. तुम्हाला सांगतो, अजिबात नाही!

जळवतात त्या आमच्या नागपूरच्या सासूबाई. दर रविवारी व्हिडिओ कॉल. "अनीशराव अख्ख्या गावाला पाणी पाजतात, केवढं पुण्य! आणि निमिषराव, तुमचं ते कंप्युटरचं... चालू आहे ना?" चालू आहे ना! जशी काही माझी पिठाची गिरणीच! त्यात आमची आश्लेषा, "भावोजींचं काम एकदा बघून तरी येऊ या रे!"

गेलो! पण मनाशी ठाम, त्याच्या पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. गाडीत विकतच्या बाटल्यांचा खोका भरून नेला. जळत नाही हो मी, तत्त्वाचा प्रश्न आहे!

पोचलो भर दुपारी. अनीश टाकी दाखवतोय, नळ दाखवतोय, "आधी इथल्या पाण्याने चूळसुद्धा भरवत नव्हती यार, आता बघ!" बघतोय... घशाला कोरड! आणि गाडीतल्या बाटल्या अशा तापलेल्या, की फक्त चहा पावडर टाकायची बाकी. तेवढ्यात तिथली एक आजी आली. पूर्वी बिचारी स्वतः ट्रक हाकत लांबून पाण्याची पिंपं आणायची. तिने ग्लास पुढे केला. मी आपला सवयीने, "नो, नो, थँक्यू"... अहो, तिकडे आग्रह नसतो! नेला की तिने ग्लास परत! मग मीच धावलो मागे, "प्लीज, प्लीज" करत. घटाघटा तीन ग्लास. आणि काय सांगू तुम्हाला... गोड होतं हो. आईशप्पथ, गोड होतं! त्याचंच तर वाईट वाटलं.

आमच्या कन्येने, स्वानंदीने, नेमका तेव्हाच फोटो काढला. "बाबा, सो क्यूट!" आता त्या प्रोजेक्टच्या माहितीपत्रकावर मी आहे, पहिल्याच पानावर. डोळे मिटलेले, हनुवटीवरून पाणी ओघळतंय... सासूबाईंनी तो हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात, "हे आमच्या अनीशरावांचं काम!" आणि कुणी विचारलंच, फोटोत कोण, तर म्हणतात, "हे होय? हे आमचे धाकटे जावई. यांना तहान लागली होती."