पाटी काढलेली सीतेची वेणी

दि. ३ जून २०२५, सकाळी ११ वाजून २० मिनिटे

मी काशीराम विठोबा राऊळ, वय ६६ वर्षे, धंदा सेवानिवृत्त (पूर्वी औषध कारखान्यात पॅकिंग सुपरवायझर), राहणार मुलुंड पूर्व, आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन पत्नी बेपत्ता झाल्याबाबत सांगतो ते असे :

वरील पत्त्यावर मी व पत्नी सुगंधा, वय ६१, असे दोघेच राहतो. मुलगी श्रुतिका लग्न होऊन बोरिवलीस असते. घरात भांडणतंटा नाही. आम्हां दोघांना ऑर्किड लावण्याचा छंद आहे. खिडकीच्या ग्रिलमध्ये लहानमोठी एकेचाळीस झाडे आहेत. घाटकोपरच्या एका ऑर्किड मंडळाचे आम्ही सहा वर्षे सभासद आहोत. सभासदत्व कुटुंबाचे असते, पण कार्ड एकाच नावाने निघते. ते माझ्या नावाने आहे.

रविवार दि. १ जून रोजी मंडळाचे वार्षिक प्रदर्शन होते. त्यात सीतेची वेणी या जातीच्या माझ्या झाडास पहिले बक्षीस मिळाले. हे झाड नऊ वर्षांपूर्वी सुगंधाने सावंतवाडीहून, तिच्या माहेरून, आंब्याच्या मोडक्या फांदीसकट मांडीवर घेऊन आणले होते. सात वर्षे त्याला फूल नव्हते. मी दोनदा टाकून दे म्हणून सांगितले होते. तिने ऐकले नाही, हे नशीब.

विचारल्यावरून सांगतो की, शनिवारी संध्याकाळी मी प्रवेशाचा फॉर्म भरत असताना सुगंधा म्हणाली, "ह्या टायमाक माझा नाव घातलात तर काय होतला?" मी म्हणालो, "अगो, दोघांचा एकच नाय काय?" आणि फॉर्म पुरा केला. याला भांडण म्हणता येणार नाही.

बक्षीस देताना मंडळाच्या सेक्रेटरी विनिता मॅडम यांनी मला माइकवर विचारले की, एवढा फुलोरा आणण्याचे तुमचे गुपित काय. मी सांगितले की, मासे धुतलेले पाणी मी फडक्यातून गाळतो, त्यात दहापट साधे पाणी घालतो आणि आठवड्यातून एकदा मुळांवर देतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मासे धुणे व पाणी देणे ही कामे सुगंधा करते. ती पहिल्या रांगेत बसली होती. परतताना रिक्षात ती झाड मांडीवर घेऊन बाहेर बघत बसली. दमली असेल असे मला वाटले.

सोमवार दि. २ जून रोजी सकाळी दहाच्या सुमारास मी बाहेरच्या खोलीत मोबाईलवर मंडळाच्या ग्रुपला उत्तरे देत होतो. अभिनंदनाचे शहाऐंशी मेसेज होते व प्रत्येकाला नाव घालून आभार मानायचे होते. तेव्हा सुगंधा मागे येऊन उभी राहिली आणि काहीतरी बोलली. मी हूं म्हणालो. ती काय बोलली ते मला सांगता येत नाही. कालपासून आठवून आठवून डोके शिणले. फार मोठे नव्हते, एखादे वाक्य असेल. मग दार लागल्याचा आवाज आला. मासळीला गेली असेल असे मी धरून चाललो.

साडेबाराला जेवायला उठलो तेव्हा गॅस पेटलेला नव्हता. तिचा मोबाईल चार्जिंगला होता. पर्स नव्हती. ग्रिलमधल्या आकड्यावर सीतेची वेणी नव्हती.

चिठ्ठी वगैरे ठेवलेली नाही. ओट्यावर फक्त त्या झाडाची पाटी होती. पांढऱ्या प्लास्टिकची, माझ्या अक्षरात. वर झाडाचे नाव, खाली 'का. वि. राऊळ'. ऑर्किडवाले पाटी कधी काढत नाहीत. बिनपाटीचे झाड प्रदर्शनात घेत नाहीत. पाटी बांधायची तार तोडलेली नव्हती. उलगडून, सरळ करून बाजूला ठेवली होती. हे तिने मला सांगण्यासाठीच केले आहे, हे मला कळते. पाटी मी हजर केली आहे.

नाक्यावर मासळी विकणाऱ्या सगुणाबाई यांनी तिला जाताना पाहिले. "एवरा झार घेऊन कं चाललीस गो?" असे त्यांनी विचारले, तेव्हा सुगंधा हसली व स्टेशनच्या दिशेने गेली, असे त्यांचे म्हणणे आहे. श्रुतिकाकडे, लालबागच्या नातेवाइकांकडे व विनिता मॅडम यांच्याकडे ती गेलेली नाही. माहेरी भाऊ वारल्यापासून घराला कुलूप आहे. शेजाऱ्यांना फोन केला, तिकडेही कोणी आलेले नाही.

वर्णन विचारल्यावरून सांगतो की, झाडाला सतरा पाने असून डाव्या बाजूचे तिसरे पान टोकाला फाटलेले आहे. फुलांचे दोन घोस खाली लोंबतात. मोठा चौतीस सेंटिमीटर, बावन्न फुले, रंग पांढरा व त्यावर गुलाबी ठिपके. इथवर सांगितल्यावर हवालदार मॅडम म्हणाल्या, "काका, झाडाचं नको. काकूंचं सांगा." साडी कोणती होती ते मला ठाऊक नाही. सगुणाबाई हिरवी म्हणतात. श्रुतिका म्हणते, आईकडे हिरवी साडीच नाही. उंची माझ्या खांद्याला लागेल एवढी.

फोटो मागितल्यावरून मी मोबाईल दाखवला. त्यात तीन हजारांवर फोटो आहेत, सगळे फुलांचे. फूल उठून दिसावे म्हणून मागे काळे कापड धरावे लागते. ते सुगंधा धरते. त्यामुळे फोटोंच्या कडेला तिची बोटे आली आहेत. एकात कोपर आहे. चेहरा कशातही नाही. मॅडमनी बराच वेळ बघून मोबाईल परत दिला. आधार कार्डाची झेरॉक्स जोडली आहे, त्यात चेहरा काळा आला आहे.

माझा कोणावर संशय नाही. मी काय करावे हे मला समजत नाही. घरी चाळीस झाडे आहेत. त्यांना मासळीचे पाणी किती द्यायचे ते मला माहीत नाही. दहापट हे मी माइकवर अंदाजाने सांगितले.

जबाब मला मराठीत वाचून दाखवण्यात आला. वर प्रदर्शनाच्या मजकुरात 'माझ्या झाडास' असे आले आहे. मी तसेच सांगितले होते, लिहिणाऱ्यांची चूक नाही. ते खोडून 'सुगंधाच्या झाडास' करावे अशी मी विनंती केली. खोडलेल्या जागी सही लागते व ती जबाब देणाराचीच चालते, असे सांगितल्यावरून तिथे मी माझ्या नावाची सही केली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच असून खरा आहे.

(का. वि. राऊळ)