माइक टेस्टिंग

दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. आजोबांनी बिघडलेला टेपरेकॉर्डर छातीशी धरला होता.

"जन्मभर कॅमेरे आणि माइक जमवलेत, पण सासूबाईंचा एक धड फोटो नाही घरात."

"उजेड बरोबर नसायचा गं."

"हौसेला मोल नसतं म्हणतात. तुमच्या हौसेला अक्कलही नाही!"

"आईचा आवाज आहे ना या कॅसेटमध्ये."

"ऐकलीय मी. कॅसेटभर तुम्हीच 'हॅलो, माइक टेस्टिंग' करत बसलाय."

"आवाज फाटत होता, म्हणून..."

"आणि त्या बिचाऱ्या समोर ताटकळत!"

"शेवटी बोललीय ती."

"हो, बोलल्यात की! 'झालं का रे तुझं? बोलू का आता?' एवढं म्हणाल्या, आणि कॅसेट संपली."